लोरेन केली खरंच अशी आहे की सगळा अभिनय?

पहाटपाखरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी लेक चार महिन्यांची आहे. इंग्लंडमध्ये येऊन आम्हाला दोन वर्षं होतील, नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि मग संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघीच. सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रभर जागरण व्हायचं आणि सकाळी नऊच्या सुमारास तिला पाजायला घेतलं की माझेच डोळे मिटायला लागायचे, भीती वाटायची की बसल्या बसल्या झोप लागेल, म्हणून टीव्ही लावायला लागले, आवाज अगदी बारीक आणि खाली सबटायटल्स. त्या वेळेला आयटीव्ही या चॅनेलवर लोरेन केलीचा 'लोरेन' हा गप्पांचा कार्यक्रम लागायचा. पहिले काही दिवस निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं, तो स्कॉटिश हेल कानाला सवयीचा नव्हता ना, वाचून वाचून बघायचे. आता सबटायटल्स लागत नाहीत. आणि खरं सांगते, त्या महिन्यांत दिवसभरात मला ऐकू येणारा पहिला मोठ्या माणसाचा आवाज तिचाच असायचा. लेकसुद्धा तिची सुरुवातीची ट्यून वाजली की दूध सोडून मान वळवते, ओठाच्या कडेला थेंब तसाच असतो.

मला तिचं ऐकणं आवडतं. समोरचं माणूस बोलताना अडखळलं तर ही लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारत नाही, त्याचं त्याला सावरू देते, आणि मग असा एखादा साधा प्रश्न विचारते की जो माझ्याही मनात आलेला असतो.

हे सगळं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ते नाटक असतं, इथल्या कोर्टानेच म्हटलंय की ती स्वतःची भूमिका करते." त्याने सहज म्हटलं पण मला ते लागलं. दोन दिवस टीव्ही लावलाच नाही.

तर इथे बरीच वर्षं राहणाऱ्यांना विचारायचंय, ही बाई कोण, कुठली, एवढी वर्षं कशी टिकली? आणि ते कोर्टाचं काय आहे नेमकं?

---

क्लाइडकाठी

धागा बघून फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं ग्लासगोत आहे आणि इथे लोरेन म्हणजे टीव्हीवरची कुणी बाई नाही, शेजारच्या म्हाताऱ्या बायका तिच्याबद्दल असं बोलतात जसं काही भाचीच आहे, "आपली लोरेन आज थकलेली दिसत होती" वगैरे.

जन्म १९५९ चा, ३० नोव्हेंबर, म्हणजे सेंट अँड्र्यूज डे, स्कॉटलंडचा स्वतःचा दिवस. जन्म ग्लासगोच्या गॉर्बल्समध्ये. गॉर्बल्स हे नाव इथल्या जुन्या माणसांपुढे काढून बघा, गिरणी-गोदीतल्या कामगारांची वस्ती, एकेका खोलीत अख्खं कुटुंब, संडास बाहेर सगळ्यांना मिळून. वडील टीव्ही दुरुस्तीचं काम करायचे (हे मला नेहमी गंमतीशीर वाटतं, वडील डबा उघडून आतलं नीट करायचे आणि लेक त्याच डब्यात जाऊन बसली). पुढे हे कुटुंब ईस्ट किलब्राइडला गेलं, ग्लासगोबाहेर वसवलेलं नवं शहर, शाळा तिथलीच.

शाळा संपली तेव्हा इंग्रजी आणि रशियन शिकायला युनिव्हर्सिटीत जागा मिळाली होती, ती सोडून ही पोरगी 'ईस्ट किलब्राइड न्यूज' या गावच्या साप्ताहिकात नोकरीला लागली. आता विचार करा, कामगार वस्तीतल्या घरात युनिव्हर्सिटीची जागा म्हणजे केवढी गोष्ट, आणि ती नाही म्हणते कारण तिला बातमीदार व्हायचंय! माझ्या मते तिचं पुढचं सगळं त्या साप्ताहिकात आहे, कारण गावच्या पेपरात तुम्ही ज्याच्याबद्दल आज लिहिता तो उद्या पावाच्या दुकानात भेटतो, त्यामुळे माणसाशी नीट वागायला तिथेच शिकतात.

१९८३ मध्ये बीबीसी स्कॉटलंडला रिसर्चर म्हणून गेली. तिथे वरच्या एकाने सांगितलं की तुझ्या या ग्लासगोच्या बोलीमुळे टीव्हीवर तुझं काही व्हायचं नाही. तिने बोली बदलली नाही, नोकरी बदलली. १९८४ मध्ये टीव्ही-एएम या सकाळच्या चॅनेलची स्कॉटलंडची बातमीदार झाली. त्या काळात लंडनच्या स्टुडिओतून सगळे घासूनपुसून इंग्रजी बोलायचे आणि मधेच हिचा आवाज यायचा, इथल्या लोकांना काय वाटलं असेल ते मला माझ्यावरून कळतं, मीही माझ्या हेलामुळे ऑफिसात पहिली दोन वर्षं मीटिंगमध्ये तोंड उघडायला घाबरायचे.

आणि लोक विसरतात पण ती सोफ्यावरून सुरू झालेली नाही. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान फुटलं, विमानातले २५९ आणि गावातले ११, एकूण २७० माणसं गेली. तिथे लवकर पोचलेल्या बातमीदारांत ही होती. तेव्हा वय २९. जमिनीवर काय पडलं होतं, हवेत विमानाच्या इंधनाचा वास कसा होता हे तिने पुढे किती वर्षांनी बोलून दाखवलंय. जिने ते पाहिलंय तिला मुलाखतीत समोरचं माणूस अडखळलं तर गप्प बसावं हे कुणी शिकवायला लागत नाही.

---

आकडेमोड

कोर्टाचं मी सांगतो, कारण मी इथे बारा वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करतोय आणि आमच्यासारख्यांनी हा निकाल अक्षरशः पाठ केलाय.

पहाटपाखरू, तुमचे मिस्टर जे म्हणाले ते अर्धं बरोबर आहे, पण कुठल्या संदर्भात ते महत्त्वाचं. इथे आयआर३५ नावाचा टॅक्सचा नियम आहे, २००० सालापासून. तुम्ही स्वतःची कंपनी काढून तिच्यामार्फत दुसऱ्याचं काम करता, तर टॅक्सवाले विचारतात की ही मधली कंपनी बाजूला काढली तर तुम्ही त्यांचे नोकरच दिसाल ना? दिसत असाल तर नोकरासारखा टॅक्स भरा. लोरेनची अशी कंपनी होती आणि तिला इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (इथला सामाजिक विम्याचा हप्ता) मिळून साधारण १२ लाख पौंडांची मागणी आली. ती ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे टॅक्सच्या तंट्यांच्या कोर्टात, गेली आणि २०१९ मध्ये जिंकली.

जिंकली कशावर? तिला सुट्टीचे पैसे नव्हते, आजारपणाचे नव्हते, बाहेर इतरांची कामं करायला ती मोकळी होती आणि कार्यक्रमात काय घ्यायचं, मुलाखत कशी न्यायची यात तिचा शब्द चालायचा. म्हणजे चॅनेल तिचा मालक नाही, गिऱ्हाईक आहे.

आता 'भूमिका' हा शब्द कुठून आला बघा. एजंटला दिलेलं कमिशन खर्चात धरता येतं का असा वेगळा मुद्दा होता, आणि ती सवलत नट, गायक, नर्तक, रंगमंचीय कलाकार अशांनाच आहे. म्हणून ट्रायब्युनलला ठरवावं लागलं की ही कलाकार आहे का. त्यांनी म्हटलं की हो, ती कॅमेऱ्यापुढे नुसती स्वतः म्हणून येत नाही, स्वतःचं एक रूप सादर करते, कधी पाहुणा आवडला नसेल, खाल्लेला पदार्थ आवडला नसेल, सिनेमा आवडला नसेल, पण तरी ती हसतमुख, गप्पिष्ट असते आणि सादरीकरण आहे ते तिथेच. दुसऱ्या दिवशी पेपरांनी त्याचं "लोरेन ही लोरेन नाहीच" असं करून टाकलं.

यात खोटेपणा कुठे आला? मी क्लायंटकडे सकाळी जातो तेव्हा घरी भांडण झालेलं असलं तरी हसून गुड मॉर्निंग म्हणतो. नर्स करते, शिक्षिका करते. फरक एवढाच की लोरेनच्या बाबतीत ते कायद्याच्या भाषेत लिहून निघालं.

आणि हो, हा निकाल म्हणजे सगळ्या टीव्हीवाल्यांना मोकळं रान नव्हतं. त्याच आयटीव्हीवर तेव्हा 'धिस मॉर्निंग' करणारा एमन होम्स पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ट्रायब्युनलमध्ये हरला. नियम तोच, चॅनेल तेच, पण कुणाच्या हातात किती लगाम हे बघून निकाल वेगळा.

---

शंकेखोर

मला पटत नाही हे सगळं कौतुक. व्यक्ती म्हणून वाईट म्हणत नाही मी, पण कार्यक्रमात असतं काय, कुठल्या नटाचं लग्न मोडलं, या सीझनला कुठला कोट घ्यायचा, मालिकेत पुढे काय होणार. एवढ्यासाठी तिला २०१२ मध्ये ओबीई, २०२० मध्ये सीबीई हे सरकारी सन्मान आणि २०२४ मध्ये बाफ्टाचा (इथल्या सिनेमा-टीव्ही अकादमीचा) खास पुरस्कार? वर शुक्रवारी ती नसते, शाळांच्या सुट्ट्यांत नसते, तिच्या नावाचा कार्यक्रम आणि खुर्चीत क्रिस्टीन लॅम्पार्ड नाहीतर रणवीर सिंग (ही पत्रकार बाई हो, नाव सारखं आहे). पत्रकारिता करायची तर लॉकरबीसारखी करावी, तिथून सोफ्यावर येणं म्हणजे मला तरी वाया गेल्यासारखंच वाटतं.

---

सांजवात

शंकेखोर, तुमचा राग समजतो पण थोडं ऐका, मी १९९१ पासून इथे आहे आणि हा सगळा प्रवास आमच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर बघितलाय.

१९९० मध्ये लोरेन माइक मॉरिसबरोबर टीव्ही-एएमच्या मुख्य निवेदिका झाल्या. मग चॅनेलच गेलं. सरकारने सकाळच्या प्रसारणाचे हक्क लिलावात काढले, टीव्ही-एएमने वर्षाला साधारण १ कोटी ४१ लाख पौंड बोली लावली आणि समोरच्यांनी ३ कोटी ४६ लाख, झालं, ३१ डिसेंबर १९९२ ला पडदा पडला आणि १ जानेवारी १९९३ ला जीएमटीव्ही सुरू. लोरेन नव्या घरात गेल्या. १९९४ च्या जूनमध्ये त्यांना मुलगी झाली. आणि बाळंतपणाच्या रजेवर असतानाच मुख्य निवेदिकेची जागा हातची गेली. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. परत आल्या त्या कशासाठी, तर आई आणि बाळ या विषयावरच्या छोट्याशा भागासाठी. कालपर्यंत अख्खी सकाळ सांभाळणारी बाई, तिला म्हणायचं की तू आता बाळांबद्दल बोल.

पहाटपाखरू, तुझ्यासाठी हे मुद्दाम सांगते. त्या भागाला त्यांनी नाक मुरडलं नाही. त्यावेळी माझा धाकटा पाच-सहा महिन्यांचा होता आणि मी तो भाग बघायचे, जिला स्वतःला रात्री झोप मिळालेली नाही अशी बाई टीव्हीवर बोलतेय हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. बायका बघायला लागल्या. त्यातूनच त्यांना नऊच्या सुमाराची स्वतःची वेळ मिळाली आणि नावं बदलत बदलत ती आजपर्यंत त्यांच्याकडे आहे. २०१० च्या सप्टेंबरात जीएमटीव्हीही बंद पडलं तेव्हा कार्यक्रमाचं नाव नुसतं 'लोरेन' झालं. दोन चॅनेलं त्यांच्या डोळ्यांसमोर मिटली, त्या आहेत.

आणि शंकेखोर, सोफ्यावर बसून काय होतं म्हणता ना. मेनोपॉजचं बघा. मला स्वतःला सगळं निर्जीव वाटायला लागलं होतं, रडूही येत नव्हतं आणि हसूही, डॉक्टरकडे जाऊन काय सांगायचं हेच कळेना. एका सकाळी लोरेन कार्यक्रमातल्या डॉक्टरांशी बोलताना म्हणाल्या की मलाही असंच सपाट वाटत होतं. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली. रात्रीच्या दहाच्या बातम्यांत हे कुणी मला सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी सगळ्या घरादारासमोर मी ऐकलं नसतं. सकाळी नऊला घर रिकामं असतं, तेव्हा बाई एकटी असते. त्या वेळेला कोण बोलतंय आणि काय बोलतंय याला फार किंमत आहे.

२०१९ पासूनचं 'चेंज अँड चेक' पण तसंच. त्यांच्याच टीममधल्या एका प्रोड्युसरला स्तनांचा कॅन्सर झाला, त्यातून निघालं. कपडे बदलायच्या खोलीत आरशाजवळ स्टिकर, की आता कपडे काढलेच आहेत तर तपासून घ्या, काय काय बघायचं त्याची चित्रं. दुकानांत लागलेत, जिममध्ये लागलेत. मी पाहिलाय तो स्टिकर आणि तिथेच उभी राहून तपासलंय.

---

शंकेखोर

सांजवात, मेनोपॉज आणि स्टिकरचं मला माहीत नव्हतं. बायको आत्ता मागून वाचत होती, ती म्हणाली तो स्टिकर तिनेही पाहिलाय आणि मला कधी सांगितलं नाही कारण मी विचारलं नाही. माझं 'वाया गेल्यासारखं' मागे घेतो. गॉसिपबद्दलचं मत मात्र तेच आहे.

---

टेकडीवरून

अभिनयाच्या मुद्द्यावर एक आठवलं. २०१९ च्या जूनमध्ये एस्थर मॅकव्हे हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी उभी होती, ती पूर्वी जीएमटीव्हीला लोरेनची सहकारी होती. सकाळच्या कार्यक्रमात तिची मुलाखत झाली आणि मग तिथल्या निवेदिका सुझॅना रीडने पुढे काय काय येणार म्हणून लोरेनकडे वळून सहज विचारलं की तुम्ही एकत्र होता ना, आठवते का ती? लोरेन एरवी कुणाबद्दलही चार गोड शब्द बोलते, त्या दिवशी नुसतं "हो, आठवते" एवढं म्हणून थेट पुढच्या विषयावर. चेहरा दगड. तो तुकडा दिवसभर फिरत होता. नंतर तिने सांगितलं की समलिंगी लोकांच्या हक्कांवरची मॅकव्हेची मतं तिला अजिबात मान्य नाहीत.

जी बाई सतत नाटकच करते तिला त्या क्षणी हसता आलं असतं की. सोपं होतं. नाही हसली.

---

क्लाइडकाठी

डनब्लेनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून परत आले, त्याशिवाय हा धागा पुरा होत नाही.

१३ मार्च १९९६. डनब्लेन हे स्टर्लिंगजवळचं छोटं गाव, तिथल्या प्राथमिक शाळेच्या जिममध्ये एकाने गोळीबार केला. १६ मुलं, पाच-सहा वर्षांची, आणि त्यांच्या बाई. लोरेन तिथे वार्तांकनाला गेली, तिची स्वतःची मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. तिथे जीव गमावलेल्या मुलींपैकी एकीच्या आईने निरोप पाठवला की मला लोरेनला भेटायचंय. मुलाखत द्यायला नाही, नुसतं भेटायला. लोरेन गेली, कॅमेरा नाही, माइक नाही, ऑफिसला बातमी नाही. जगभरचे बातमीदार त्या गावात अशा एका भेटीसाठी दारोदार फिरत असताना हिने ती भेट स्वतःजवळ ठेवली. त्या दोघींची मैत्री झाली आणि ती टिकली. लोकांना हे कळलं ते खूप पुढे. २५ वर्षांनी, २०२१ मध्ये, तिने डनब्लेनला परत जाऊन आयटीव्हीसाठी माहितीपट केला तेव्हा तिथली माणसं तिच्याशी कशी बोलतात ते बघा, ती घरी आलेल्या माणसाशी बोलतात.

त्याच गावच्या आईवडिलांनी आणि त्यांच्या ओळखीच्यांनी सह्यांची मोहीम काढली, स्नोड्रॉप नावाची, कारण मार्चमध्ये तेवढंच एक फूल फुललेलं होतं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये खाजगी हँडगनवर बंदी आली ती त्यातून.

मी एकदा त्या गावच्या दफनभूमीत गेले होते, ओळीने लहान लहान दगड आहेत, मला फार वेळ थांबवलं नाही. ज्या बाईने त्यातल्या एका दगडाच्या आईशी इतकी वर्षं नातं ठेवलं तिला सकाळी नऊ वाजता हसायचं असेल तर हसू दे, कमावलंय तिने ते हसू.

---

आकडेमोड

क्लाइडकाठी, हे माहीत नव्हतं. माझ्या वरच्या प्रतिसादात मी टॅक्सच्या बाजूने बोललो, पण तुमचं वाचून वाटतं की ट्रायब्युनलपुढे जेवढं होतं तेवढ्यावर त्यांनी ठरवलं, आणि त्यांच्यापुढे होता तो रोजचा एक तास.

त्या तासाचं पण सांगून ठेवतो. यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात आयटीव्हीने जाहीर केलंय की जानेवारी २०२६ पासून 'लोरेन' साडेनऊ ते दहा, अर्धाच तास, आणि वर्षातले ३० आठवडेच. बाकीच्या दिवसांत तिच्या आधी लागणारा 'गुड मॉर्निंग ब्रिटन' दहापर्यंत चालणार. दिवसाच्या सगळ्या कार्यक्रमांत मिळून २२० च्या वर नोकऱ्या जाणार. कॅमेऱ्यामागची माणसं ती, रिसर्चर, एडिटर, मेकअपवाले, बरेचसे फ्रीलान्स. नावाजलेला चेहरा राहतो, त्याच्यामागचे शंभर हात जातात. आमच्या धंद्यात हे दर दोन वर्षांनी बघतो, तरी दर वेळेला पोटात तुटतंच.

---

सांजवात

हो, मी वाचलं तेव्हा दिवसभर कशात लक्ष लागेना. टीव्ही-एएम गेलं तेव्हा वाटलं होतं तसंच.

---

पहाटपाखरू

तुम्हा सगळ्यांना किती आणि काय लिहू. दोन दिवस हेच वाचतेय, लेक मांडीवर आणि फोन एका हातात.

आकडेमोड, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, बातमीची फक्त हेडलाइन वाचली होती. मग डनब्लेनचं वाचायला घेतलं तर मला पुढे जाईना, "१६ मुलं" पर्यंत आले आणि आवाजच फुटेना, फोन त्याच्या हातात दिला आणि त्याने उरलेलं मनातल्या मनात वाचलं. वाचून झाल्यावर तो काही बोलला नाही, पाळण्याजवळ जाऊन उभा राहिला.

सांजवात, रजेवर असताना जागा गेली आणि परत येऊन बाळांवर बोलायला लागलं हे वाचून मला एक धीर आलाय. माझीही रजा मार्चमध्ये संपतेय आणि टीममध्ये माझं काम आधीच दुसऱ्या कुणाला दिलंय असं कानावर आलंय. कुणालाच बोलले नव्हते, इथे पहिल्यांदा लिहितेय. यावर वेगळा धागा काढू का? इथल्या कायद्याने काय विचारता येतं, कुणाकडे जायचं, काहीच माहीत नाही.

आणि जानेवारीपासून साडेनऊ म्हणजे आमची नऊची वेळ चुकणार. तोवर ती बहुतेक वरणभाताचं पाणी चाटायला लागलेली असेल, मग साडेनऊला बसवीन तिला टीव्हीसमोर. आज सकाळी परत लावला. ट्यून वाजली, तिने मान वळवली.

---

सांजवात

काढ धागा, आजच काढ. तुला कामाबद्दल काय काय आणि कधी सांगितलं गेलं ते तारखेनिशी एका वहीत उतरवून ठेव, आलेली ईमेलं घरच्या पत्त्यावर पाठवण्याआधी ऑफिसचे नियम बघ, आणि 'एकॅस' (Acas) हे नाव लक्षात ठेव, नोकरीच्या भांडणात फुकट सल्ला देणारी संस्था आहे, फोन करता येतो. बाकी तिथे लिहिते.